मोटर तीनची, बिल पाचचं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय आपल्या महाराष्ट्रातल्या वीज सुधारणांबद्दल. दर ठरवायला वीज नियामक आयोग 1999 मध्ये आला, 2003 मध्ये नवा वीज कायदा झाला आणि 6 जून 2005 ला वीज मंडळाची महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्यांत फाळणी झाली. हे तुम्ही ऐकून आहात, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मला सांगायचीय आबांच्या मोटरीची गोष्ट.

आबा आमच्या गावचे. विहिरीवर मोटर तीन एच.पी.ची, म्हणजे तीन अश्वशक्तीची, मीटर नाही. बिल एच.पी.वर यायचं. एका वर्षी बिलावर तीनचा आकडा पाच झाला. आबा वायरमनकडे गेले, मग कार्यालयात गेले. तिथे उत्तर एकच: "तुम्हीच मोटर बदलली असेल. नोंद पाचची आहे." आबांनी अर्ज दिला, उत्तर नाही. दुसरा दिला, तोही गडप.

मग गव्हाची शेवटची पाळी देऊन झाली आणि आबांनी मोटर खोलली. चौघांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली. आबांच्या काखेत वीजजोडणीचं कोटेशन भरल्याची जुनी पावती, पत्र्याच्या पेटीतून काढलेली, घड्यांवर फाटायला आलेली. ट्रॉली थेट कार्यालयाच्या दारात. आबा म्हणाले, "साहेब, मी वाचत नाही. तुम्हीच वाचा."

साहेब भला माणूस. बाहेर आले, ट्रॉलीत चढले. मोटरीवरच्या पाटीवर ग्रीस आणि माती बसलेली. त्यांनी खिशातला रुमाल काढून पाटी पुसली आणि मोठ्याने वाचलं: "तीन." जमलेल्या लोकांना म्हणून पुन्हा वाचलं: "तीन." नोंद त्याच आठवड्यात दुरुस्त झाली. मागच्या जादा पैशांचं मात्र कुणी नाव काढलं नाही. आबांनीही नाही, कारण त्यांना मोटर पुन्हा बसवायची घाई होती. पाळी रात्रीची होती. आणि हे बोलल्याशिवाय मला राहवत नाही: बॅटरीच्या उजेडात, साप-विंचवाच्या रानात माणसाला पाणी द्यायला पाठवणं ही क्रूर पद्धत आहे. सौर कृषी वाहिनीतून, म्हणजे शेतीसाठीच्या सौर प्रकल्पांतून, शेतीला दिवसा वीज मिळू लागली, ती सुधारणा मी सगळ्यांत वर ठेवतो.

तर आबांच्या त्या वाढीव दोन एच.पी.त राज्याचं दुखणं आहे. नीट ऐका. शेतीच्या बऱ्याच पंपांना मीटर नाही, म्हणून त्यांची वीज अंदाजाने मांडली जाते: इतके एच.पी., इतके तास, म्हणजे इतके युनिट. नोंदीत एच.पी. फुगले की शेतीचा वापर कागदावर फुगतो. आणि तो फुगला की गळती कागदावर कमी दिसते. तारेवर आकडा टाकून चोरलेली वीज, जुन्या तारांत वाया गेलेली वीज, सगळी शेतकऱ्याच्या नावावर जाते. पुन्हा सांगतो: गळती शेतकऱ्याच्या नावावर जाते.

मंडळ पूर्वी गळती 18 टक्क्यांच्या आसपास सांगायचं. आयोगापुढे जाहीर सुनावण्या सुरू झाल्या, कागद उघडे पडले, ग्राहक प्रतिनिधींनी हिशेब मागितला आणि तोच आकडा 30 टक्क्यांच्या वर गेला. तारा त्याच होत्या, फक्त हिशेब खरा झाला. माझ्या मते आयोगाने केलेलं सगळ्यांत मोठं काम हेच.

आता तुम्ही म्हणाल, 2024 पासून साडेसात एच.पी.पर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, मग नोंद बघायची कशाला? बघायची, कारण तुमचं बिल सरकार भरतं, म्हणजे आपणच भरतो. बिल शून्य असलं तरी नोंद तपासा. मोटरीची पाटी पुसा आणि बिलावरचा एच.पी. ताडून बघा.

फरक निघाला तर आधी महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल. वकील लावायची गरज नाही. साध्या कागदावर, साध्या मराठीत लिहा: ग्राहक क्रमांक, मोटरीवरचा आकडा, बिलावरचा आकडा. आणि पहिल्या अर्जापासून प्रत्येक कागदाची पोच घ्या, तारीख आणि शिक्का बघून. नमस्कार.