देव्हाऱ्यातला चेक

नमस्कार श्रोतेहो. मी घरी बसून लिहिणारी बाई. नोकरी नाही, पगार नाही. लेख छापून आला की मानधन येतं. आज बोलायचंय ते या मानधनाबद्दल.

1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीला बांधलेलं आहे. पावसाळ्यात लेख लिहायचा, दिवाळीत तो छापून येतो आणि पैसे यायला संक्रांत उजाडते. म्हणून नव्याने लिहिणाऱ्यांना मी सांगते, लेख पाठवण्याआधी मानधन विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. भाजीवालीला आपण भाव विचारतोच ना?

माझा पहिला चेक आला 2013च्या जानेवारीत. 1200 रुपयांचा, तारीख 10 जानेवारी. सासूबाईंनी पदराला हात पुसून तो घेतला, हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे उभा करून ठेवला. म्हणाल्या, “लक्ष्मी पहिल्यांदा आलीय. अक्षय्य तृतीयेला भरू. चेक सहा महिने चालतो.”

सासरे होते तोवर बँकेची सगळी कामं सासूबाईच करायच्या. त्यांचा शब्द मी का मोडू? रोज पूजेला बसले की चेक दिसायचा, आणि मला खरंच लिहायला जोर यायचा.

त्या वर्षी अक्षय्य तृतीया 13 मेला होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बँकेत गेलो. पे-इन स्लिप सासूबाईंनी भरली. (मुलांना स्लिप भरायला शिकवा हो, हल्ली कुणाला येत नाही.) काउंटरवरच्या बाईंनी चेक उलटसुलट पाहिला. “आजी, कुंकवाचं काही नाही, पण तारीख गेली. आता चेक तीनच महिने चालतो.”

“सहा!” सासूबाई म्हणाल्या.

“तीन, आजी. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून.”

तीनच महिने, श्रोतेहो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने. रिझर्व्ह बँकेचा हा नियम 1 एप्रिल 2012 पासून लागू झाला आणि आमच्या घरात तो पोचलाच नव्हता.

येताना सासूबाई रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पोस्टकार्ड काढलं. पन्नास पैशांत मनातलं सगळं मावतं, पोस्टकार्ड कधी बंद होऊ नये असं मला फार वाटतं. त्यांनी संपादकांना लिहिलं: ‘चूक सुनेची नाही, माझी आहे. तिच्या कष्टाचे पैसे मी देवापुढे ठेवले आणि नियम बदललेला मला ठाऊक नव्हता. कृपया दुसरा चेक पाठवावा. या वेळी त्याच दिवशी भरू.’

पंधरा दिवसांत नवा चेक आला. सोबत संपादकांची चिठ्ठी होती: ‘आजींचं पत्र कार्यालयात सगळ्यांनी वाचलं. आजींनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी देव्हाऱ्यातल्या चेकची हकिकत लिहून पाठवावी, ही विनंती.’

मी चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि विचारलं,

“मानधन किती देणार म्हणतात?”