लमजुंगच्या शाळेतला ‘श’

(दृश्य: पहाटेचा अजिंक्यतारा. खाली राजवाडा, मोती चौक, अर्धी उघडलेली शटरं.)

मी साताऱ्याची. पुण्यात एका कंपनीत १३ वर्षं नोकरी केली आणि मग सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. आईला वाटलं, मला बरं नाही. रात्री उशाशी येऊन बसली. म्हणाली, “काय होतंय तुला, सांग तरी.” काही होत नव्हतं. मला शिकवायचं होतं.

हे वेड लावलं आमच्या इंग्रजीच्या सरांनी. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं. माझी एबीसीडी त्याआधीची, पाचवीतली. रयत शिक्षण संस्थेची शाळा. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात सुरू केलेल्या संस्थेचं वडाचं झाड आमच्या भिंतीवर रंगवलेलं होतं, आणि खाली ओळ, ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. सर शेजारच्या गावचे. सायकलवरून यायचे. त्यांचे उच्चार साहेबी नव्हते. पण सर उद्या येणार, परवा येणार, पुढच्या वर्षीही येणार, हे आम्हाला पक्कं ठाऊक असायचं.

(दृश्य: टेबलावर अर्ज, पासपोर्ट, पोलिसांचा दाखला.)

परदेशात स्वयंसेवक म्हणून शिकवायची पहिली संधी आली ती नेपाळमधल्या एका अनाथाश्रमाची. दोन आठवडे, आणि त्यासाठी मीच भरायची मोठी रक्कम. कागदपत्रं कोणती लागतील, असं मी विचारलं. फोटो पुरे, म्हणाले. लहान मुलांमध्ये जाऊन राहणाऱ्या अनोळखी बाईला कुणी काहीच विचारत नाही, याची मला भीती वाटली. मग वाचत गेले. नेपाळमधल्या आश्रमांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पैसे देणारे पाहुणे येत राहावेत म्हणून काही ठिकाणी डोंगरातल्या घरांतून मुलं आणली जातात. युनिसेफनं याबद्दल सावध केलेलं आहे. ते वाचून रात्रभर झोप आली नाही. मी नकार कळवला.

दुसरं बोलणं झालं नेपाळमधल्याच लमजुंग जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांशी. त्यांनी तासभर प्रश्न विचारले आणि चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. तेव्हाच ठरलं, जायचं तर इथेच.

(दृश्य: सोनौलीची सीमा. पाठीवर पिशव्या घेऊन चालत जाणारी माणसं.)

पाडवा करून निघाले. पुण्याहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौली. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. सीमा चालत ओलांडली आणि घड्याळ १५ मिनिटं पुढे केलं. तिथलं शाळेचं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. मी बरोबर वर्षाच्या तोंडाशी पोचले.

गाव गुरुंग लोकांचं. मुलं घरी गुरुंग बोलतात, शाळेत नेपाळी शिकतात, म्हणजे इंग्रजी त्यांची तिसरी भाषा. जेवायला कोदोचा ढिंडो, म्हणजे पिठाची घट्ट उकड. कोदो म्हणजे आपली नाचणी. जावळीच्या डोंगरातली माणसं जी पिकवतात, तीच. ज्या घरी उतरले तिथले आजोबा आपल्या भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले. सातारा म्हटल्यावर ते सावरून बसले. “मराठा पलटन!” म्हणाले. मी त्यांना आमच्या अपशिंगे मिलिटरीबद्दल सांगितलं, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावाबद्दल. “हमारा गाँव भी वैसा ही है,” असं म्हणून त्यांनी मला कोनाड्यातली पदकं काढून दाखवली. ती संध्याकाळ मी कधी विसरणार नाही.

(दृश्य: वर्ग. फळ्यावर देवनागरी आणि रोमन अक्षरं शेजारी शेजारी.)

आता अवघड भाग. नेपाळी लिहिण्यात ‘श’ आणि ‘स’ वेगळे, पण बोलताना दोन्ही ‘स’. म्हणून फिश होतो ‘फिस’, शॉप होतं ‘सॉप’ आणि इंग्लिशचं ‘इङ्लिस’. मला वाटलं, लिपी एकच आहे, अक्षर फळ्यावर काढलं की काम झालं. तीन आठवडे मी ‘श’ काढत होते आणि मुलं मनापासून ‘स’ वाचत होती. चूक त्यांची नव्हती. त्यांच्या डोळ्यांना ते अक्षर तसंच ऐकू येत होतं.

वर्गाच्या नेहमीच्या बाई मागच्या बाकावर बसून हे बघत होत्या. मी त्यांना दिदी म्हणायचे. एके दिवशी त्या उठल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि तान्ह्या बाळाला निजवताना करतात तसा आवाज काढला. श्श्श… सगळा वर्ग, श्श्श… मग हळूच, फि… श्श्श. पाच मिनिटांत जमलं!

त्या दिवसापासून मी खडू खाली ठेवला. मी जाणार होते, दिदी राहणार होत्या. त्यांचं व्याकरण माझ्याहून पक्कं होतं. पण वीस वर्षं इंग्रजी शिकवूनही त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारं कुणी कधी भेटलं नव्हतं. मग रोज शाळा भरण्याआधी अर्धा तास चिया, म्हणजे चहा, घेत आम्ही दोघी फक्त इंग्रजीत बोलायचो. शेळीबद्दल, आखातात गेलेल्या त्यांच्या मुलाबद्दल, माझ्या आईबद्दल. पहिल्या आठवड्यात त्या वाक्य आधी मनात जुळवून मग बोलायच्या. जेठ (ज्येष्ठ) उजाडेपर्यंत मध्येच मला तोडून बोलायला लागल्या. वर्गात त्या शिकवत, मी मागे बसून वह्या तपासत असे. अडीच महिन्यांत माझ्या हातून झालेलं खरं काम तेवढंच, आणि त्याचा मला फार आनंद आहे.

(दृश्य: पाण्यानं भरलेली पायऱ्यापायऱ्यांची शेतं. चिखलात उभी मुलं.)

असार १५, म्हणजे नेपाळी आषाढाची पंधरा तारीख, भात लावणीचा सण. त्या दिवशी दही-चिउरा खातात. आपले दहीपोहेच. दुसऱ्या दिवशी मी निघणार होते. गुडघाभर चिखलात आम्ही सगळे रोपं लावत होतो. तेवढ्यात चौथीतल्या एका पोराच्या पायाजवळून काहीतरी चमकून गेलं. तो ओरडला, “मिस! फिश!”

दोघींनी एकदम वळून पाहिलं. तो दिदींकडे बघत होता.