'व्हय म्हाराजा' म्हणण्याआधी

(सिंधुदुर्गातल्या एका तालुका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'स्थानिक स्वराज्य संस्थांवरील नागरी देखरेख'. एवढं लांबलचक नाव वाचून निम्मी मंडळी दशावताराला गेली असणार, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही आलात, तर साध्या भाषेत बोलू.

गाऱ्हाण्यापासून सुरुवात करतो. देवळात गाऱ्हाणं घालणारा म्हणतो, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची इडापिडा टळू दे," आणि मागे उभे असलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" कुणी मध्येच हात वर करून विचारत नाही की इडा नेमकी कोणती आणि टळायला मुदत किती. देवासमोर ते ठीक आहे. पण आपल्या ग्रामसभासुद्धा याच चालीवर चालतात. ठराव वाचला जातो, अर्धा ऐकू येतो, पंख्याचा आवाज, आणि मग एकसुरात 'मंजूर'. म्हणजे 'व्हय म्हाराजा'च, फक्त नारळ नसतो.

गंमत अशी, की त्याच गावात त्याच देवाचा हिशेब वाचायला घेतला की चित्र बदलतं. जत्रा झाली, शिमगा झाला, मांडावर, म्हणजे गाव जमायच्या जागी, माणसं बसली, वहीवाल्याने वाचायला सुरुवात केली, की परळ-लालबागेतून फोन येतो, "चाळीस नारळ लिवलास, फुटले तर अडतीस. दोन खंय गेले?" मी अशा दोन नारळांवरून सख्ख्या चुलत्यांचं तीन वर्षं बोलणं बंद झालेलं पाहिलंय. त्याच वर्षी त्या वाडीत आठ लाखांचा रस्ता झाला, पहिल्या पावसात खडी उघडी पडली, आणि कुणी फोन केला नाही. कारण विचारा. देवाचे पैसे 'आपले', पंचायतीचे 'सरकारचे'.

जुन्या गावऱ्हाटीचे, म्हणजे देवस्थान आणि मानकऱ्यांभोवती चालणाऱ्या गावकारभाराचे, गोडवे गायला मी आलेलो नाही. बारा-पाचांच्या, म्हणजे मानकऱ्यांच्या, मांडावर बायका नव्हत्या, आणि काही वाड्यांतल्या माणसांना तिथे बोलायचा अधिकारच नव्हता. कायद्यातली ग्रामसभा त्या मांडापेक्षा कितीतरी बरी. तिथे मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण सदस्य, मग तो मानकरी असो की नसो. फक्त हिशेब वाचून घ्यायची जी खोड मांडावर होती, ती आपण ग्रामसभेत आणली नाही.

आता माझी ओळख. मी लेखापरीक्षक होतो. स्थानिक निधी लेखापरीक्षा, कायदा 1930 सालचा, इंग्रजांच्या वेळचा. सव्वीस वर्षं मी ग्रामपंचायतींची दप्तरं तपासली. आमचं काम कसं चालतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण 'ऑडिट झालंय' हे वाक्य ऐकून माणसं निर्धास्त होतात.

एकेका पंचायतीला दोन-तीन दिवस. खुर्ची, टेबल, चहा. रोकडवही घ्यायची, प्रमाणकं, म्हणजे खर्चाच्या पावत्या, जुळवायची, अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी आहे का, कार्यारंभ आदेश आहे का, मोजमाप पुस्तिकेत अभियंत्याची सही आहे का, बिल त्या मापाचंच आहे का, हे पाहायचं. नाही जुळलं की अर्धसमास काढायचा, म्हणजे अर्ध्या पानावर आमचा प्रश्न आणि उरलेल्या अर्ध्यावर त्यांचं उत्तर. उत्तर समाधानकारक नसलं की तो आक्षेप अहवालात परिच्छेद होऊन बसतो. मग 'अनुपालन' मागायचं, म्हणजे आक्षेपावर काय केलं ते कळवा म्हणायचं. ते आलं नाही तर परिच्छेद प्रलंबित. असे परिच्छेद वर्षानुवर्षं प्रलंबित राहतात. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या जन्माच्या आधीचे परिच्छेद फायलीत होते.

या सगळ्यात मी काय पाहिलं? कागद. कागदावरचा साकव, म्हणजे व्हाळावरचा, ओढ्यावरचा छोटा पूल, मी शेकड्याने पाहिला. व्हाळावरचा साकव क्वचितच. तिथे जायला वेळ नव्हता, गाडी नव्हती, आणि खरं सांगायचं तर तशी इच्छाही फारशी नव्हती. मेळ बसला की बरं वाटायचं. कागद एकमेकांशी जुळतात की नाही हे ऑडिट सांगतं. कागद जमिनीशी जुळतो की नाही, हे त्या वाटेने रोज जाणारं माणूसच सांगू शकतं.

आणि कायद्याला हे ठाऊक आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 सालचा, त्याचं कलम 8 काढून बघा. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत पहिली ग्रामसभा घ्यायची, आणि तिच्यापुढे पंचायतीने वार्षिक हिशेब ठेवायचे, मागच्या वर्षाचा कारभार अहवाल ठेवायचा, चालू वर्षाची कामं ठेवायची, आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिप्पणी व तिला दिलेली उत्तरंसुद्धा ठेवायची. एप्रिल आणि मे. कोकणातल्या माणसाने कायदा लिहिला असता तरी दुसरे महिने निवडले नसते. आंब्याचे दिवस, शाळांना सुट्टी, कोकण रेल्वेत उभं राहायला जागा नाही, गाव भरलेला. भरलेल्या गावासमोर ऑडिटचे आक्षेप वाचा असं कायदा सांगतो. तुमच्यापैकी किती जणांनी ते वाचलेले ऐकलेत? हात वर करा. (कुणीही हात वर केला नाही.) मीही ऐकले नव्हते, आणि ते लिहिणाऱ्यांतलाच एक मी.

चाकरमान्यांच्या बाबतीत एक अडचण आहेच. अनेकांची नावं मुंबईच्या मतदारयादीत. ते गणपतीला पाच दिवस आरती करतील, पण ग्रामसभेत मत देऊ शकत नाहीत. उरले गावात राहणारे. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही! म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही आला नाहीत, की दुसऱ्या वेळी सात जणांत कायदेशीर ग्रामसभा होते. त्या सातांतले पाच कोण असतात ते मी सांगायला नको.

गावात राहणारे कोण, हेही आकड्यात बघू. 2011च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया आणि सिंधुदुर्गात 1036. पुरुष नोकरीला बाहेर, गाव चालवतात बायका. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, अशी तरतूद आहे. ती बहुतेक ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून 'घेतली' जाते. माझ्या ओळखीच्या एक बाई गावच्या पाणीपुरवठा समितीच्या सदस्य आहेत. हे त्यांना कधी कळलं? समितीचा दुसरा ठराव झाल्यावर. मी विचारलं, "सही तुमचीच ना?" त्या म्हणाल्या, "सही माजीच. पण कसली ती ठावक नाय."

आता साकवाची गोष्ट. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, शेजारच्या तालुक्यात दिली. निवृत्तीनंतर मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेलो. सकाळी ती पातेरो, म्हणजे वाळलेला पाला, आणायला निघाली, मी मागे. वाटेत व्हाळ, व्हाळावर साकव. आक्का डोक्यावर झाप घेऊन साकवाच्या डाव्या अंगाने, कठड्याला हात लावत गेली. मी उजवीकडून निघालो तर ओरडली, "थंयसून नको, पडशील!" बघतो तर उजव्या बाजूला कठडाच नाही. पाइप रोवायची भोकं होती, त्यांत गवत उगवलेलं. मी म्हटलं, मोडला वाटतं. ती म्हणाली, "मोडूक आधी होवक नको? एकाच बाजून घातलेलो. दुसरो खंय गेलो ता तूच सांग, तू सरकारचो माणूस."

रात्री झोप लागेना. हा साकव मला ओळखीचा वाटत होता. व्हाळाचं नाव, वाडीचं नाव... त्या पंचायतीचं त्या वर्षीचं ऑडिट मीच केलं होतं. फाइल डोळ्यांसमोर आली. 'दोन्ही बाजूंस लोखंडी कठडा, ऑइल पेंटच्या दोन हातांसह.' मोजमाप पुस्तिकेत नोंद, सही, तारीख. बिल अचूक. मी हिरव्या शाईने टिक केलेली.

आक्काला मी कायदा समजावला. माहिती अधिकार म्हटलं की लोकांना झेरॉक्स आठवतात. 2005च्या कायद्याचं कलम 2 वाचा. 'माहितीचा अधिकार' यात कामाची पाहणी करणं आहे, दस्तऐवज तपासणं, टिपणं घेणं आहे, आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही आहे. दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर तुम्ही रस्त्यातल्या खडीचा नमुना मागू शकता! तीस दिवसांत उत्तर. नाही आलं तर वरिष्ठांकडे पहिलं अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाचं कोकण खंडपीठ, नवी मुंबईत. तिथली तारीख लागेपर्यंत मात्र कलम लावलेलं काजूचं झाड धरायला लागतं, हेही आधीच सांगून ठेवतो.

आक्काने अर्ज केला. अक्षर तिचं, सातवी पास. "अमुक साकवाच्या कामाची पाहणी करायची आहे, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका सोबत आणावी." पत्र आलं, अमुक तारखेला अकरा वाजता हजर राहा. आम्ही टेप घेऊन गेलो. उजव्या बाजूला कठडा होता. आदल्या रात्री बसवलेला. डाव्या बाजूचा पाइप जाड, हा बारीक. आक्काने हात लावला, आणि दिवसभर तिच्या तळव्याला निळा रंग होता.

गावातले म्हणाले, जिंकलात. माझं मत थोडं वेगळं. कठडा आला, चांगलंच झालं. पावसाळ्यात कुणाचं तरी मूल वाचेल. पण पहिल्या वेळी पैसे कुठे गेले ते कागदावर आलंच नाही. कारण आता कागद आणि जमीन जुळत होते. ऑडिटला पुन्हा काहीच दिसलं नसतं.

एक कबुली देतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत तुम्ही धराल. माहिती अधिकाराचा धंदा करणारेही आहेत. अर्ज टाकायचा, मग 'बसून मिटवायचं'. त्यामुळे प्रामाणिक अर्जदारालाही गावात लोक तिरक्या नजरेने बघतात, "तुका कित्याक होयो हिशेब?" म्हणून विचारतात. यावर मला एकच उपाय दिसतो. एकट्याने खिशात कागद ठेवू नये. मिळाला की चावडीवर मोठ्याने वाचावा. राजस्थानात कोट किराना गावी 2 डिसेंबर 1994ला मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली, ती हीच. बिलं आणि हजेरीपत्रकं गावासमोर वाचली. ज्यांची नावं मजुरीच्या यादीत होती ते तिथेच उठून म्हणाले, आम्ही या कामावर गेलोच नव्हतो. त्यातूनच माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर पोचली. पुढे रोजगार हमीच्या 2005च्या कायद्यात सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांनीच कामांचा हिशेब तपासणं, ग्रामसभेकडे दिलं गेलं, तेही त्याच वाटेने. आपल्या मांडावरच्या नारळाच्या हिशेबापेक्षा यात वेगळं काय आहे?

वरून येणाऱ्या समित्यांबद्दल फार बोलत नाही. विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यात येते तेव्हा दप्तरं झटकली जातात, थोडे दिवस माणसं वेळेवर येतात. उपयोग आहे. पण ती साकवावरून जात नाही.

तिवरे मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिपळूण तालुका, 2 जुलै 2019ची रात्र. धरण फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. धरणाला गळती आहे हे खालच्या वाडीतल्या लोकांनी आधीच सांगितलं होतं. ते तिथे राहत होते, पाणी झिरपतंय हे त्यांना दिसत होतं. त्यांच्या सांगण्याला परिच्छेद क्रमांक नव्हता, म्हणून ते कुठल्याच रजिस्टरात नीट बसलं नाही. नंतर तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरलं असं म्हटलं, ते तुम्हाला आठवत असेल. आपण कोकणातले; खेकडा काय करू शकतो आणि काय नाही, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

पैसा आता गावात थेट येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीत 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, बाकी पंचायतीच्या मर्जीचा. खर्च सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर, मोबाइलवरही दिसतो. कॉलेजात जाणारी पोरं अर्ध्या तासात काढून देतात. ते पोरांकडून शिकून घ्या, मी इथे वेळ घालवत नाही.

आक्काच्या गावची मे महिन्यातली ग्रामसभा सांगतो आणि बसतो. यंदा तिने वाडीवाडीतून बायका गोळा केल्या. गणपूर्ती झाली; अध्यक्ष जरा गांगरलेच. मी मतदार नाही म्हणून मागे खांबाला टेकून बसलो. विषयपत्रिका संपली, 'मंजूर' म्हणायची वेळ आली, तशी आक्का उठली. लेखापरीक्षणाची टिप्पणी वाचा म्हणाली. आधी फाइल तालुक्याला आहे, मग कपाटाची किल्ली नाही, मग किल्ली सापडली. ग्रामपंचायत अधिकारी, नवा पोरगा, वाचायला लागला. पाऊण तास. परिच्छेद 7 : नळपाणी योजनेसाठी खरेदी केलेल्या पाइपांची साठा नोंदवहीत नोंद आढळली नाही. अनुपालन, प्रलंबित. वर्ष ऐकलं आणि मी ताठ बसलो. भाषा माझी होती. अकरा वर्षांपूर्वीची.

सभेत कुजबुज सुरू झाली. ते पाइप कुठल्या वाडीत कुणाच्या बागेत आहेत, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. कुणीतरी विचारलं, "ह्या लिवलेला कोणी?"

मी हात वर केला.

आक्काने मागे वळून बघितलं. म्हणाली, "आणि अकरा वर्सां तू खंय होतस?"