पहिलं कासव घेताना

मंडळी, पुढच्या रांगेत मुलं बसली आहेत आणि मागे त्यांचे आईबाबा. मुलांना कासव हवंय, आईबाबांना बिनकटकटीचा प्राणी. आज दोघांचाही थोडा हिरमोड होणार आहे, तेव्हा कायद्याचं आधीच उरकून घेतो.

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं ते देखणं स्टार कासव पाळायचं नाही. आपल्या ओढ्याविहिरीत सापडणारं मऊ पाठीचं कासवही नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती येतात आणि शिक्षा किमान तीन वर्षांची आहे. ‘घरात ठेवा, लक्ष्मी येते’ असं सांगून कोणी गुपचूप विकत असेल, तर लक्ष्मी त्याच्याच घरी जाते आणि वनखातं तुमच्या! कोणाकडे आधीपासून असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. नदीत सोडू नका.

मग उरतात परदेशी जाती. आफ्रिकेतलं सल्काटा हे जमिनीवरचं कासव तळहाताएवढं असताना गोड दिसतं; पुढे ते चाळीस-पन्नास किलोंचं होतं आणि अंगण उकरतं. २०२४च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदही करावी लागते. नाशकातल्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये त्याचं काय करणार? सोडून द्या तो विचार.

राहिला रेड-इअर्ड स्लायडर, कानामागे लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव. हा मूळचा अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला. पेठेत मिळतो तेव्हा पाच रुपयांच्या नाण्याहून थोडाच मोठा असतो आणि दुकानदार सोबत प्लॅस्टिकचं खोकं देतो, त्यात एक खोटं नारळाचं झाड. मादी पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं जगते. पाठीच्या लांबीच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण चाळीस लिटर पाणी धरा. म्हणजे वाढलेल्या मादीला चारशे लिटरची टाकी, चार क्विंटल नुसतं पाणी. शिवाय दणकट फिल्टर हवा, कारण मासा करतो त्याच्या कितीतरी पट घाण कासव करतं.

खरी गोम उजेडात आणि उबेत आहे. पाण्याबाहेर चढून अंग कोरडं करायला जागा हवी, तिथे तीस ते पस्तीस अंशांचा दिवा हवा आणि उन्हातल्या अतिनील किरणांसाठी वेगळा यूव्हीबीचा दिवा. तो नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पाठ मऊ पडते. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही; काच नेमके तेच किरण अडवते. सकाळी गॅलरीत तासभर ऊन द्या, पण सावलीचा कोपरा ठेवून.

आणि आपला हिवाळा! निफाडचा पारा किती उतरतो हे तुम्हाला सांगायला नको. नाशकातही जानेवारीत पाणी गार पडलं की कासव खाणं सोडतं, हालत नाही. घरचे म्हणतात, झोपलंय. ते झोपलेलं नसतं. नाकातून बुडबुडे आले किंवा एका अंगावर कलून तरंगू लागलं, तर न्यूमोनियाची शंका धरून सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. हीटरने पाणी चोवीस-पंचवीस अंशांवर ठेवायचं, हीटरला जाळी लावून, नाहीतर कासव त्याची काच फोडतं.

खाण्याचं थोडक्यात: डब्यातली सुकट हा खाऊ, जेवण नव्हे. कासवांसाठीच्या खाद्याच्या गोळ्या आणि हिरवा पाला, वय वाढेल तसा पाला जास्त.

एवढं ऐकूनही हवंच असेल, तर पिल्लू घेऊ नका. कोणाच्या तरी घरी कंटाळा आलेला, वाढलेला नर शोधा. नर मादीपेक्षा लहान राहतो, पुढची नखं लांब आणि शेपूट जाड असते. वाढ झालेली असल्याने टाकी किती मोठी लागणार हे पहिल्याच दिवशी कळतं. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर मात्र थांबा: कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो आणि लहान मुलं हात तोंडात घालतात. अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांची विक्री १९७५मध्ये याच कारणाने बंद केली.

नको झालेले स्लायडर लोक ‘गंगेत’, म्हणजे आपल्या गोदावरीत सोडतात, पुण्य म्हणून. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत हा आहे. देशी कासवांची जागा आणि खाणं तो बळकावतो. रामकुंडाखालून वाहणारं पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरला जातं, आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळालेल्या आपल्या पाणथळीत. तेव्हा घेण्याआधीच ठरवा, तुम्ही गाव सोडलंत तर ते कासव कोण सांभाळणार, आणि त्या माणसाला आजच विचारा.