ओढण्याआधीचे चार तास

नमस्कार श्रोतेहो.

घाटात भरलेला ट्रक कलंडला आणि तिथे मोठी क्रेन येऊन उभी राहिली, की अडकून पडलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "अजून ओढत का नाहीत?" गेली बावीस वर्षे मी अवजड वाहने ओढून काढण्याचे काम करीत आहे, आणि हा प्रश्न मी गोव्यात पत्रादेवीपासून काणकोणपर्यंत मराठी, कोंकणी, कन्नड आणि हिंदी अशा चारही भाषांत ऐकला आहे. रस्त्यावर त्याचे उत्तर द्यायला आम्हांला कधी उसंत मिळत नाही, म्हणून आज इथे देतो. आमच्या कामाचा क्रम असा आहे : आधी बघायचे, मग बांधायचे, आणि ओढायचे सर्वांत शेवटी. आधी बघायचे, मग बांधायचे, आणि ओढायचे सर्वांत शेवटी.

मी या धंद्यात आलो तो खाणींच्या दिवसांत. उसगाव, सावर्डे, कुडचडे या पट्ट्यात तेव्हा खनिजाचे टिप्पर दिवसभर धावत आणि रोज कुठे ना कुठे एखादा चिखलात रुतलेला असे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, टिप्पर लोकांच्या अंगणांत ताडपत्र्या पांघरून उभे राहिले, आणि आमची क्रेन महामार्गावर आली. कारण खाण बंद पडली तरी भाजी, सिमेंट आणि लोखंड बेळगावहून यायचे थांबत नाही. आपल्या चहातले दूधसुद्धा बऱ्याचदा घाट उतरून आलेले असते, हे आपल्याला घाट बंद पडल्यावरच आठवते.

आता थोडे यंत्राविषयी सांगतो. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो हे पुष्कळांना ठाऊक असते, पण टाकीतली हवा गेली की मागच्या चाकांचा ब्रेक सुटत नाही, उलट घट्ट लागतो, हे ऐकून लोक चकित होतात. तिथे एक दणकट स्प्रिंग असते. हवा तिला दाबून धरते, आणि हवा गेली की स्प्रिंग मोकळी होऊन चाक आवळते. म्हणून बंद पडलेला ट्रक नेण्याआधी त्याला आमच्या टाकीतून नळीने हवा द्यावी लागते, नाहीतर ब्रेकच्या डब्यातला बोल्ट फिरवून ती स्प्रिंग मागे घ्यावी लागते. मात्र त्याआधी ट्रक पक्का बांधलेला हवा, कारण ब्रेक सुटल्यावर उतारावर त्याला धरणारे दुसरे काहीच उरत नाही. तसेच मागची चाके रस्त्यावर ठेवून ट्रक ओढायचा असेल तर प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा फिरता दांडा, आधी उतरवावा लागतो. इंजिन बंद असताना चाकांनी गिअरबॉक्स उलटा फिरवला तर आत तेल नीट चढत नाही आणि पोचेपर्यंत तो जळतो.

राहिली वायर. विहिरीवर पाणी काढलेल्यांना रहाटाचे चाक माहीत आहे. आम्ही तसेच एक चाक अडकलेल्या ट्रकला बांधतो आणि विंचची, म्हणजे क्रेनवरच्या वायर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची, वायर त्यातून वळवून परत आणतो. मग ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. वायर वापरण्याआधी मी सुती चिंधीचा बोळा तिच्यावरून फिरवीत जातो, कारण जिथे सूत अडकते तिथे एखादी तार तुटलेली असते आणि हाताला ती रक्त आल्यावरच कळते. ताणलेल्या वायरच्या रेषेत कोणी उभे राहू नये, ही एकच विनंती मी आपल्याला करतो. तुटलेली वायर चाबकासारखी मागे येते, आणि मोबाइलवर चित्रीकरण करणारी मंडळी नेमकी त्याच रेषेत उभी असतात, कारण तिथून चित्र छान दिसते.

आता ती रात्र सांगतो, जिच्यासाठी खरे तर मी हे भाषण स्वीकारले.

गणेश चवथीच्या आधीचा आठवडा होता. ज्या रस्त्याला आपण अजूनही 'चार अ' म्हणतो त्या बेळगाव-पणजी महामार्गावर, अनमोड घाटात, मडगावला कांदा घेऊन निघालेला दहा चाकी ट्रक दरीच्या बाजूला घसरला होता. रात्री अकराच्या सुमारास आम्ही पोचलो तेव्हा पाऊस असा कोसळत होता की आमच्याच क्रेनचा दिवा चार हातांपलीकडे पोचत नव्हता. ट्रकची डाव्या बाजूची सगळी चाके अधांतरी होती, चासिसचे, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्याचे, पोट कठड्याच्या दगडांवर टेकले होते, आणि हौदा एका जांभळीच्या झाडाला रेलला होता. चालक निपाणीकडचा, पन्नाशीचा माणूस होता. त्याने रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली स्टोव्ह पेटवून भात शिजत ठेवला होता आणि तो आम्हांला एवढेच म्हणाला, "गाडी वाचवा की मालक, कांदा गेला तर जाऊ दे." (माझे जुने मत आहे की घाट उतरण्याआधी चालकाला तासभर पाठ टेकता येईल अशी जागा मिळाली तर आमच्या धंद्यातली निम्मी कामे कमी होतील. पण ते असो.)

माझे गुरू, ज्यांना आम्ही सगळे मेस्तकाका म्हणत असू, खाली उतरले आणि त्यांनी विडी पेटवली. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली होती. मागच्या बसमधला एक गृहस्थ छत्री घेऊन पुढे आला आणि आपण कोण आहोत हे सांगून ओरडू लागला, "वायर लावा आणि ओढा, त्यात काय बघायचे आहे?" मेस्तकाकांनी त्याला उत्तर दिले नाही. कमरेला दोर बांधून ते दरीच्या बाजूला उतरले, दहा मिनिटांनी वर आले आणि मला म्हणाले, "पुता, जरा खाली येऊन बघ."

झाडाच्या बुंध्यापासून दोन हातांवर तांबड्या मातीत अर्धगोल भेग पडली होती. तिच्यात माझे बोट सहज जात होते. याचा अर्थ असा की जांभूळ मुळांसकट उचलत होती. ट्रक झाडावर रेलला होता हे खरे, पण झाड कशावर रेलले होते, ते कोणी पाहिले नव्हते. वायर लावून लगेच ओढले असते तर पहिल्या हिसक्याला हौदा हलला असता, झाड सुटले असते, आणि दोघेही आमच्या क्रेनला घेऊन खाली गेले असते.

मेस्तकाकांनी आधी ट्रक बांधला. चासिसला पट्टे घातले, ते क्रेनला जोडले, आणि क्रेनची पाठ मागे उभ्या असलेल्या लोखंड भरलेल्या ट्रेलरला बांधून तिच्या प्रत्येक चाकाला दगड लावले. त्यांनी वायर ताणली ती ट्रक धरण्यापुरतीच. मग त्यांनी हिशेब केला. तेव्हा तीन आसांच्या ट्रकला एकूण २५ टनांची मर्यादा होती (२०१८ साली ती साडेअठ्ठावीस झाली). त्यातून ट्रकचे स्वतःचे वजन वजा केले तर सुमारे १६ टन कांदा, म्हणजे पन्नास किलोच्या ३२० गोण्या. दरीच्या अंगाच्या गोण्या आधी उतरवल्या तरच भार रस्त्याकडे वळणार होता.

मला त्यांनी वेगळेच काम दिले. भेगेच्या दोन्ही काठांवर त्यांनी एकेक काडी रोवली, माझ्या हातात बॅटरी दिली आणि सांगितले, "या दोन काड्यांवरून नजर काढायची नाही. हलली तर शिटी मार."

श्रोतेहो, अनमोडच्या जंगलात पावसाळ्यात एका जागी बसणे म्हणजे काय, हे तिथल्या जळवांना विचारावे. वर दोन माणसे कमरेला दोर बांधून हौद्यात चढली होती आणि खाली गोण्या हातोहात पुढे देणारी माणसांची रांग लागली होती. त्यात ट्रकवाले होते, बसमधली पोरे होती, आणि तो छत्रीवाला गृहस्थही छत्री बाजूला ठेवून उभा होता. मी मात्र दोन काड्यांकडे पाहत बसलो होतो. पहिला तास काही झाले नाही. दुसऱ्या तासात, वरून कोणीतरी "दीडशे झाल्या" असे ओरडल्यावर थोड्याच वेळात, मला काडी हललेली दिसली. मी जीव खाऊन शिटी मारली.

हौद्यातली माणसे उड्या टाकून रस्त्यावर आली, रांग मोडली, एक गोणी फुटून कांदे उतारावरून घरंगळत गेले. मेस्तकाका खाली आले. त्यांनी काड्यांमध्ये बोट धरून पाहिले, पुन्हा धरून पाहिले, आणि हसू लागले. काड्या लांब गेल्या नव्हत्या, जवळ आल्या होत्या. भार कमी झाला होता, झाड मागे बसत होते आणि भेग मिटत होती. मी शरमेने मान खाली घातली, तेव्हा ते म्हणाले, "हलली तर शिटी मार म्हटले होते. कुठल्या बाजूला ते म्हटले नव्हते. बस तिथेच."

आणखी साठएक गोण्या उतरवल्यावर, पहाटे तीनच्या सुमारास, त्यांनी विंच सुरू केला. ट्रक एकेक वीत सरकत होता. ओली वायर ताणली की तिच्यातून बारीक आवाज येतो. तो आवाज चढू लागला की मेस्तकाका हात वर करीत, विंच थांबे, चाकांखाली दगड सरकवले जात आणि मग पुढची वीत. चाळीस मिनिटांत दहाही चाके रस्त्यावर आली. जांभूळ जागच्या जागी उभी होती, फक्त एका बाजूची साल गेली होती. चालकाचा भात एव्हाना थंड झाला होता, तो आम्ही सगळ्यांनी कच्च्या कांद्याबरोबर खाल्ला.

आठवड्याने ट्रकच्या मालकाचा फोन आला. त्याचे म्हणणे असे, की चाळीस मिनिटे ओढण्याचे एवढे पैसे कसे होतात, ते बिलात फोडून दाखवा. मेस्तकाकांनी नवीन बिल केले आणि त्यात दोनच ओळी लिहिल्या : ओढणे, चाळीस मिनिटे, बघणे आणि बांधणे, चार तास. पहिल्या ओळीचे पैसे लगेच आले. दुसऱ्या ओळीचे चवथीनंतर आले, आणि तेही निम्मेच.

नमस्कार.