लग्नात गायलं जाणारं स्वातंत्र्यगीत

श्रोतेहो, नमस्कार.

स्वीडनमध्ये लग्न असो, अंत्यविधी असो की शाळेचा निरोप समारंभ, एक गाणं हमखास म्हटलं जातं. भाषा कळणाऱ्यालाही आधी वाटतं, प्रेयसीचं कौतुक चाललंय. गाण्याचं नाव मात्र ‘स्वातंत्र्याचं गीत’. ते लिहिणाऱ्या ब्योर्न आफ्सेलियुसबद्दल आज बोलायचं आहे.

ब्योर्नचा जन्म १९४७चा, दक्षिण स्वीडनमधल्या हुस्कवार्ना गावचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मालमो शहरात मिकाएल वीहे आणि इतर मित्रांबरोबर तो ‘हूला बंडूला बँड’मध्ये गाऊ लागला. त्या वेळी स्वीडनमध्ये तरुणांची एक मोठी संगीत चळवळ उभी राहिली होती. गाणं हा धंदा होऊ नये, ते आपल्या भाषेत, आपल्या प्रश्नांवर असावं, असा त्यांचा आग्रह. मोठ्या कंपन्यांच्या दारात न जाता त्यांनी स्वतःच्या छोट्या रेकॉर्ड कंपन्या काढल्या.

सप्टेंबर १९७३मध्ये चिलीत लष्करानं सत्ता बळकावली. विक्तोर हारा या गायकाला सान्तियागोच्या स्टेडियममध्ये डांबून, हालहाल करून मारलं. गाणी लिहिणाऱ्या या स्वीडिश तरुणांना तो घाव आपल्याच माणसावर झाल्यासारखा लागला. दोन वर्षांनी टेनिसमधल्या डेव्हिस कपची उपांत्य लढत ठरली ती स्वीडन विरुद्ध चिली, आणि तीही बोस्ताद या समुद्रकाठच्या निवांत गावात. हूला बंडूलानं सामना थांबवा अशी मागणी करणारी रेकॉर्डच काढली. हजारो निदर्शक गावात उतरले. सामना थांबला नाही. पोलिसांच्या कड्यात, जवळजवळ रिकाम्या गॅलऱ्यांसमोर तो खेळला गेला. स्वीडन जिंकलं आणि त्या वर्षी डेव्हिस कपही पहिल्यांदाच त्यांच्याकडे आला. तरीही मला वाटतं, त्या रिकाम्या गॅलऱ्यांनी चिलीच्या हुकूमशहाला जे सांगायचं ते सांगितलं.

पुढच्या वर्षी बँड फुटला. ब्योर्न एकटा गाऊ लागला आणि क्यूबा, निकाराग्वा, लॅटिन अमेरिकेतले लढे त्याच्या गाण्यांत येत राहिले. समीक्षकांनी त्याला अनेकदा झोडपलं: फार भाबडा, फार भावुक. लोक मात्र गर्दी करत होते, स्वीडनमध्ये आणि तितक्याच मायेनं डेन्मार्क-नॉर्वेतही. माझा कौल लोकांच्या बाजूनं आहे. अन्यायाबद्दल बोलताना गळा दाटून येणं हा काही दोष नव्हे.

१९८२ साली त्यानं क्यूबाच्या सिल्व्हिओ रोद्रीगेस या गायकाची एक चाल घेतली आणि तिच्यावर स्वतःचे स्वीडिश शब्द बांधले. हेच ते ‘स्वातंत्र्याचं गीत’. त्यात ना शत्रूचं नाव आहे, ना पक्षाचं. स्वातंत्र्यालाच ‘तू’ म्हटलंय, जिवलगाला म्हणावं तसं. म्हणून मोर्च्यातला कामगार ते गातो आणि राजकारणाशी काडीचा संबंध नसलेली नवरी-नवरदेवाची जोडीही. घोषणा त्या त्या लढ्यापुरती असते. हे शब्द कुणालाही आपल्या सुखदुःखात वापरता येतात. प्रचारकी म्हणून हिणवलेल्या माणसानंच ते लिहिले, हे विसरू नये.

१९९६मध्ये जुने मित्र पुन्हा एकदा हूला बंडूला म्हणून मंचावर आले. ब्योर्नला फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि १६ फेब्रुवारी १९९९ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी तो गेला. त्याचा शेवटचा अल्बम त्याच वर्षी, तो गेल्यानंतर बाजारात आला.