धुराच्या शहरातलं कोर्ट

(दृश्य: ग्रँट स्ट्रीट. कॅमेरा भिंतीवरून हळूहळू मनोऱ्याच्या माथ्याकडे.)

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातल्या कोर्टाचा हा 249 फुटी मनोरा नुसता दिमाखासाठी उभारलेला नाही. एकोणिसाव्या शतकातलं पिट्सबर्ग म्हणजे पोलादाच्या भट्ट्या आणि कोळशाचा धूर. खिडकी उघडली की काजळी आत. मग वकील, साक्षीदार आणि बघ्यांनी भरलेल्या कोर्टात चांगली हवा आणायची कुठून?

वास्तुरचनाकार हेन्री हॉब्सन रिचर्डसन म्हणाले, धुराच्या वरून. मनोऱ्याच्या माथ्याजवळून हवा आत ओढायची, तळघरापर्यंत उतरवायची आणि तिथून दालनादालनांत सोडायची. मागच्या बाजूला दोन लहान मनोरे दिसतात, ते वापरलेली हवा बाहेर टाकायला. नाक पुढे, धुराडी मागे.

हे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं अ‍ॅलेगेनी काउंटीचं कोर्ट. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. या टेकडीवर आधीही कोर्टच होतं, ग्रीक धर्तीचं. 1882 च्या मे महिन्यात ते आगीत गेलं. नव्या इमारतीसाठी निवडक वास्तुरचनाकारांकडून आराखडे मागवले, त्यात रिचर्डसन यांचा आराखडा पसंत पडला. बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चमुळे त्यांचं नाव तोवर गाजलेलं होतं.

(दृश्य: दगडाचा जवळून फोटो. खडबडीत पृष्ठभाग, कमानीचे चिरे.)

1884 साली काम सुरू झालं. दगड मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचा, गुलाबी छटेचा ग्रॅनाइट. तो गुळगुळीत करायचाच नाही, खडबडीत ठेवायचा, ही रिचर्डसन यांची खूण. युरोपातल्या मध्ययुगीन रोमनेस्क इमारतींच्या जाड भिंती आणि अर्धगोल कमानी त्यांनी घेतल्या आणि त्यांना स्वतःचं वळण दिलं. ते इतकं वेगळं होतं, की त्या शैलीला पुढे त्यांचंच नाव पडलं. पण त्यांनी नक्षी किती हात राखून वापरली आहे बघा! भिंत स्वतःच इतकी बोलते, की तिला दागिन्यांची गरज उरत नाही.

इमारतीच्या मधोमध मोठा चौक आहे. आपल्याकडच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला त्याचं प्रयोजन समजावून सांगायला नको. चारही बाजूंच्या खोल्यांना आतूनही उजेड आणि हवा.

रस्त्यापलीकडे तुरुंग. त्याची भिंत बघताना मात्र चौकाची प्रसन्नता विसरायची. तिथे नुसते प्रचंड दगड, एकावर एक. कोर्ट आणि तुरुंग यांना जोडणारा हा दगडी पूल रस्त्यावरून जातो. व्हेनिसच्या प्रसिद्ध ‘ब्रिज ऑफ साइज’वरून, म्हणजे उसाशांच्या पुलावरून, तो बेतलेला. कैद्याला रस्त्यावर न आणता न्यायाधीशासमोर उभं करायचं, एवढंच त्याचं काम.

इतका बंदोबस्त असूनही 1902 च्या जानेवारीत फाशीची शिक्षा झालेले एड आणि जॅक बिडल हे भाऊ या तुरुंगातून निसटले. त्यांना मदत कुणी केली? तुरुंगाच्या वॉर्डनच्या पत्नीनं, केट सॉफेल यांनी. करवती आणि पिस्तुलं पुरवली आणि त्या स्वतःही त्यांच्याबरोबर गेल्या. पाठलागात झालेल्या गोळीबारानंतर दोन्ही भाऊ दगावले, केट वाचल्या आणि त्यांना कैद झाली. दगडाच्या जाडीचा इथे काही उपयोग नव्हता.

रिचर्डसन यांना हे काम आपलं सर्वोत्तम वाटत होतं. पण मूत्रपिंडाच्या विकारानं 1886 च्या एप्रिलमध्ये ते गेले, वयाच्या 47व्या वर्षी. कोर्ट 1888 मध्ये त्यांच्या वारसदार वास्तुरचनाकारांनी पूर्ण केलं. टोरांटो आणि मिनिआपोलिसच्या जुन्या नगरभवनांवर या इमारतीची छाप स्पष्ट दिसते.

(दृश्य: जुना फोटो, खणलेला रस्ता. मग आजचे दरवाजे.)

आता दरवाजे नीट बघा. काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय? चढाचा त्रास म्हणून 1910 च्या दशकात शहरानं ही टेकडीच छाटली. रस्ता खाली गेला आणि मुख्य प्रवेशद्वार मजलाभर उंचीवर अधांतरी राहिलं. एरवी अशा वेळी पायाचे ओबडधोबड दगड उघडे पडले असते. पण रिचर्डसन यांना हे होणार याचा अंदाज होता. जमिनीखाली गाडल्या जाणाऱ्या थरांतही त्यांनी दर्शनी भागासारखे घडीव दगड बसवून घेतले होते. जवळजवळ पाव शतक ते मातीत होते, वर आले ते तयार!

दाराची सोय मात्र त्यांच्या हातात नव्हती. आधी बाहेरून भव्य जिना बांधला, पुढे रस्ता रुंद करताना तोही काढून टाकला. शेवटी दरवाजेच खाली वाढवले. त्यामुळे आज पक्षकार, वकील आणि पर्यटक आत शिरतात ते मुळात तळघर असलेल्या बुटक्या छताच्या बोळांतून. एवढ्या देखण्या इमारतीचं हे स्वागत, खरं सांगायचं तर, केविलवाणं आहे.

तुरुंग 1995 मध्ये बंद झाला. आतली रचना बदलून 2000 साली तिथे कौटुंबिक न्यायालय सुरू झालं. कोठड्यांचा एक भाग तेवढा जुन्या रूपात राखलाय. मुख्य कोर्टात कामकाज अजून चालू आहे. तिथे गेलात, तर खालच्या बोळांवरून मत बनवू नका. एक मजला चढून मोठ्या जिन्यापाशी या. कमानीतून कमान निघते, तिच्यामागे आणखी एक दिसते, आणि रिचर्डसन यांनी पाहुण्याला पहिल्या पावलाला काय दाखवायचं ठरवलं होतं, ते तिथे कळतं.